मुक्तिदिन की मुक्तीदीन? : वाचकांच्या लेखनविषयक शंका

समाजमाध्यमांवर आणि मोबाइलवरील संदेशांत मराठी लिहिताना ज्या चुका वारंवार होतात, त्यांविषयी गोव्यातील वाचकांनी विचारलेल्या शंकांना या अंकात उत्तरे दिली आहेत. उत्तरांत ज्या नियमांचा उल्लेख येतो, ते अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले व महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर, असे एकूण १८ आहेत. गोव्यातील मराठी लेखन व मुद्रणही साधारणपणे त्यांनाच धरून चालते. बरोबर रूप कोणते एवढे सांगून न थांबता ती चूक कोठून येते हेही शक्य तेथे सांगितले आहे, कारण नुसते बरोबर रूप पाठ केलेला माणूस पुढच्याच शब्दाला पुन्हा अडतो.

शंका : आमच्या मंडळाने १९ डिसेंबरसाठी केलेल्या शुभेच्छापत्रावर ‘गोवा मुक्तीदीनाच्या हार्दीक शुभेच्छा’ असे लिहिले गेले आणि ते व्हॉट्सॲपवर सगळीकडे पोहोचले. एका ज्येष्ठ सभासदांनी त्यात तीन चुका दाखवल्या. परंतु ‘मुक्ती’ हा शब्द तर दीर्घच लिहायचा असतो ना?
– मंडळाचे एक पदाधिकारी, डिचोली

ज्येष्ठ सभासदांनी दाखवलेल्या तिन्ही चुका खऱ्या आहेत. मात्र आपल्या शंकेतही तथ्य आहे. मुक्ति, शक्ति, क्रांति, कवि, गुरु हे शब्द संस्कृतात ऱ्हस्वान्त आहेत. मराठीत ते एकटे येतात तेव्हा त्यांचे शेवटचे अक्षर दीर्घ लिहावे, असा नियम आहे. म्हणून आपण मुक्ती, शक्ती, क्रांती, कवी, गुरू असे लिहितो. हेच शब्द समासाच्या आरंभी आले, की ते आपल्या मूळच्या ऱ्हस्व रूपात राहतात. म्हणून मुक्तिदिन, मुक्तिसंग्राम, शक्तिपीठ, भक्तिगीत, भूमिपूजन, स्मृतिदिन, गुरुपौर्णिमा ही रूपे शुद्ध होत. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याच्या लढ्याला तोंड फोडले, तो दिवस आपण दरवर्षी पाळतो. तोही याच नियमाने क्रांतिदिन होतो.

येथे एक खाच आहे आणि चांगले लिहिणारेही तीत अडखळतात. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागते तेव्हा शब्दाचे सामान्यरूप होते, आणि सामान्यरूपात शेवटचे अक्षर दीर्घच राहते : मुक्तीला, मुक्तीसाठी, मुक्तीनंतर, जयंतीनिमित्त. त्यामुळे ‘मुक्तिपूर्व गोवा’ असे लिहायचे, पण ‘मुक्तीपूर्वी गोव्यात पोर्तुगिजांची सत्ता होती’ असे लिहायचे. त्यानंतरच्या काळासाठी ‘मुक्तोत्तर’ हा शब्द अनेकदा वाचायला मिळतो. ‘स्वातंत्र्योत्तर’च्या चालीवर तो घडलेला आहे. संधीच्या नियमाने तो ‘मुक्त्युत्तर’ असा व्हायला हवा. हे रूप जिभेला जड जात असेल तर सरळ ‘मुक्तीनंतरचा गोवा’ लिहावे. मला स्वतःला तेच अधिक आवडते. ‘मुक्ती दिन’ असे दोन शब्द सुटे लिहिलेले फलकही आपण पाहतो. सामासिक शब्द जोडून लिहिणे इष्ट आहे, परंतु सुटा लिहायचाच असेल तर ‘मुक्ती’ दीर्घ हवा. ‘मुक्तीदिन’ आणि ‘मुक्ति दिन’ या दोन रूपांना मात्र कोणत्याही बाजूने आधार नाही.

दुसरी चूक ‘दीन’ची. दिवस या अर्थाचा ‘दिन’ ऱ्हस्व आहे आणि दीर्घ ‘दीन’ म्हणजे गरीब, लाचार. ज्या दिवशी गोवा साडेचार शतकांच्या पारतंत्र्यातून सुटला, त्या दिवसाच्या नावात ‘दीन’ यावा हे कोणालाच रुचणार नाही. गोव्यात या चुकीला एक स्थानिक कारणही असावे. कोकणीत दिवसाला ‘दीस’ म्हणतात व त्यातला ‘दी’ दीर्घ आहे. ‘मुक्ती दीस’ असा फलक डोळ्यांसमोर असला, की ‘दिन’ लिहितानाही हात दीर्घाकडे वळतो. तिसरा शब्द ‘हार्दिक’. अकारान्त मराठी शब्दांतील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातले इकार-उकार दीर्घ असतात, जसे गरीब, बारीक, वकील; ही सवय आपण नकळत ‘हार्दिक’लाही लावतो. पण तो संस्कृत शब्द असून त्यातला ‘इक’ हा प्रत्यय ऱ्हस्व आहे. सामाजिक, आर्थिक, धार्मिक, वार्षिक या शब्दांतही तोच प्रत्यय आहे, आणि हे एकदा कळले की ते सगळे शब्द एकदमच सुटतात. पुढच्या डिसेंबरात ‘गोवा मुक्तिदिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ असे लिहावे.

शंका : माझे प्राथमिक शिक्षण कोकणीतून झाले, घरी मराठी पुस्तके व वर्तमानपत्रे येतात आणि मी दोन्ही भाषांत लिहिते. माझ्या मराठी लिखाणात ‘जावून’, ‘घेवून’, ‘आनी’, ‘घरांत’ अशा चुका असल्याचे माझा थोरला भाऊ सांगतो. आजोबांच्या जुन्या मराठी पुस्तकांत मात्र ‘घरांत’ असेच छापलेले आहे. मग चूक कोणाची?
– एक वाचक, फोंडा

चूक कोणाचीच नाही. आपल्यासमोर तीन वेगवेगळ्या लेखनपद्धती आहेत आणि तिन्ही देवनागरीतच असल्यामुळे त्या एकमेकींत मिसळतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली व शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही त्यात तरतूद आहे. एकाच शाळेत, एकाच कार्यालयात, कधीकधी एकाच पत्रकावर या दोन्ही भाषा शेजारी नांदतात. शेजारच्या भाषेचे लेखन आपल्या बोटांत उतरावे, यात खंत करण्यासारखे काही नाही. फक्त कोणत्या भाषेत काय लिहायचे, हे पक्के ठाऊक हवे.

‘घरांत’पासून सुरुवात करू. कोकणीत एका घराविषयी बोलतानाही ‘घरांत’, ‘गोंयांत’ असा अनुस्वार देतात. जुन्या मराठीतही तो होता. आपल्या आजोबांच्या पुस्तकांत ‘घरांत’बरोबरच ‘तें’, ‘माझें’, ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ अशी रूपेही सापडतील. उच्चारात न उरलेले हे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढून टाकले. मात्र अनेकवचनी सामान्यरूपातला अनुस्वार नियमांनी मुद्दाम ठेवला, आणि त्यामुळे आजच्या मराठीत त्या एका टिंबावर अर्थ अवलंबून असतो. ‘साखळीत वाळवंटी नदीचे पाणी घरात शिरले’ असे लिहिले तर एक घर भिजले; ‘घरांत शिरले’ असे लिहिले तर अनेक घरे भिजली. बातमी लिहिणाऱ्याने किंवा मदतीचे आवाहन करणाऱ्याने हे टिंब गाळले वा उगाच दिले, तर वाचणाऱ्याचा नुकसानीचा अंदाजच चुकतो. आदरार्थी बहुवचनालाही हाच नियम लागतो : ‘मुख्यमंत्र्यांनी सांगितले’, ‘सरांना विचारले’. नियमाप्रमाणे ‘तुम्हांला’ आणि ‘आम्हांला’ यांवरही अनुस्वार हवा. बहुसंख्य लोक तो देत नाहीत आणि रोजच्या संदेशात कोणी ‘तुम्हाला’ लिहिले तर मी त्याला अडवणार नाही. छापील मजकुरात मात्र मी तो देतो.

आता ‘जावून’ आणि ‘घेवून’. कोकणीत ‘येवन’, ‘घेवन’, ‘जावन’ अशी रूपे शुद्धच आहेत आणि त्यांतला ‘व’ आपण मराठीत घेऊन येतो. मराठीत कसोटी अशी, की क्रियापदाच्या मूळ धातूत ‘व’ असेल तरच तो लिहायचा. धातू ओळखण्यासाठी एखाद्याला आज्ञा करून पाहावी. ‘तू ठेव’, ‘तू धाव’, ‘तू जेव’, ‘तू लाव’ असे आपण म्हणतो, म्हणून ठेवून, धावून, जेवून, लावून. ‘तू जा’, ‘तू ये’, ‘तू घे’, ‘तू दे’, ‘तू हो’, ‘तू गा’ यांत ‘व’ नाही, म्हणून जाऊन, येऊन, घेऊन, देऊन, होऊन, गाऊन. उलट दिशेची चूकही होते. ‘जेऊन जा’, ‘नीट ठेऊन दे’ असे मूळचे मराठी माध्यमाचे लोकही सर्रास लिहितात. आपल्या भावाचे लिखाण या कसोटीवर आपण अवश्य तपासून पाहावे.

‘आनी’विषयी फार सांगण्यासारखे नाही. तो कोकणी शब्द आहे. मराठीत ‘आणि’ लिहायचे, ण आणि ऱ्हस्व इकार. शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इकार राहिलेल्या मोजक्या मराठी शब्दांपैकी तो एक आहे.

शंका : माझी नात ‘माझ नाव’, ‘काय झाल’, ‘छान केल’ असे लिहिते. तिला विचारले तर ती म्हणते, आजी, सगळे असेच लिहितात. हे बरोबर आहे काय?
– एक आजी, काणकोण

बरोबर नाही. ‘माझे’, ‘झाले’, ‘केले’ यांचा शेवटचा ‘ए’ बोलताना ‘अं’सारखा होतो आणि तो दाखवण्यासाठी ‘माझं’, ‘झालं’, ‘केलं’ असे टिंब दिले जाते. ते टिंब म्हणजे त्या शब्दाचा शेवटचा स्वरच आहे. तो काढला, की ‘माझ’ हा शब्द ‘सांज’सारखा व्यंजनावर तुटतो आणि जे कोणी कधी बोलत नाही असे काहीतरी कागदावर उरते. अनेकवचनात तर अर्थच जातो. नातीला ‘झाडाला फळ आली’ हे वाक्य वाचायला द्यावे. ‘फळ’ एक आणि ‘आली’ अनेक, हे तिच्याच कानाला खटकेल आणि ‘फळं आली’ असे ती आपण होऊन म्हणेल. ‘मुल’ या रूपाचेही तेच : एक असेल तर ‘मूल’, अनेक असतील तर ‘मुलं’ किंवा ‘मुले’.

बोलण्याच्या चालीवर लिहायचे असेल तर ‘केलं’, ‘सांगितलं’ लिहावे. अर्ज, निवेदन, अहवाल यांत ‘केले’, ‘सांगितले’ शोभते. एकाच परिच्छेदात दोन्हींची सरमिसळ करू नये.

शंका : कार्यालयातील संदेशांत ‘मित्रा ला’, ‘म्हापसा ला’, ‘फोंडा मध्ये’, ‘माझी मदत करा’, ‘मला वाटते कि’ असे सतत वाचावे लागते. हे आता रूढ झाले म्हणून मान्य करायचे का?
– एक नोकरदार, मडगाव

मान्य करू नये. यातील बरेचसे मोबाइलच्या कीबोर्डमुळे घडते आहे आणि ते टाळणे अगदी सोपे आहे. आपण ‘मित्रा’पर्यंत अक्षरे टाइप करतो, वर सुचवलेल्या शब्दाला स्पर्श करतो, आणि कीबोर्ड शब्दापुढे आपोआप मोकळी जागा सोडतो. मग ‘ला’ सुटा पडतो. हिंदीत नामापुढचे ‘को’, ‘में’, ‘से’ सुटे लिहितात, त्यामुळे हिंदी वाचायची सवय असलेल्या डोळ्यांना त्यात काही वावगे दिसत नाही. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहायचे असते : मित्राला, घरासमोर, टेबलावर, ऑफिसमध्ये, व्हॉट्सॲपवर. परभाषेतून आलेल्या शब्दांनाही यातून सूट नाही.

सुट्या प्रत्ययामुळे होणारे मोठे नुकसान गावांच्या नावांत दिसते. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द आपले रूप बदलतो, आणि प्रत्यय तोडून लिहिणारा हा बदल करायलाच विसरतो. पैसा–पैशाला, मासा–माशाला याप्रमाणे म्हापसा–म्हापशाला. फोंड्यात, पेडण्याहून, केप्याला, सांग्यात ही आपल्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या असलेली रूपे आहेत. ‘म्हापसाला जातो’ असे गोव्यात जन्मलेला मराठी भाषक बोलताना कधी म्हणत नाही; मग ते लिहावे तरी का? बाहेरून आलेल्या जाहिरातींत आणि अनुवादित सूचनांत ही तोडलेली रूपे अधिक आढळतात, आणि तेथून ती आपल्या संदेशांत शिरतात.

‘माझी मदत करा’ हे हिंदी वाक्यरचनेचे मराठीकरण आहे. मराठीत ‘मला मदत करा’. ‘माझी मदत’ म्हणजे मी दुसऱ्याला केलेली मदत, त्यामुळे अर्थ उलटा होतो. ‘खूप सारे आभार’ हेही तसेच. ‘खूप आभार’ किंवा ‘मनःपूर्वक आभार’ पुरे. उभयान्वयी अव्यय ‘की’ मराठीत नेहमी दीर्घ असते, ऱ्हस्व ‘कि’ हिंदीचा.

शंका : मी गणेशोत्सवात ‘चवथीच्या हार्दिक शुभेच्छा’ असे लिहिले, तेव्हा पुण्यातील एका परिचितांनी ते ‘चतुर्थीच्या’ असे दुरुस्त करून पाठवले. माझे चुकले का?
– एक वाचक, पेडणे

मुळीच चुकले नाही. गोव्यात या सणाला चवथ म्हणतात, ‘चवथ’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे आणि त्याचे सामान्यरूप ‘चवथी’ असे बरोबर होते. एखादा शब्द प्रमाणभाषेच्या कोशात आढळत नाही किंवा दुसऱ्या प्रांतात वापरला जात नाही, एवढ्याने तो अशुद्ध ठरत नाही. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास), खाजन (खाऱ्या पाण्यालगतची बांध घातलेली शेतजमीन), रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे), मानस (खाजनातील पाणी आत-बाहेर सोडणारे दार) हे शब्द ज्या वस्तूंची आणि व्यवहारांची नावे आहेत, त्यांना दुसरे मराठी शब्द शोधत बसलो तर तो व्यवहारच धूसर होईल. शुद्धलेखनाचा नियम शब्द कसा लिहावा हे सांगतो. कोणता शब्द वापरावा हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. ‘चवथीच्या शुभेच्या’ असे लिहिले असते तर मात्र ती खरी चूक ठरली असती. शुभ आणि इच्छा मिळून ‘शुभेच्छा’ होते व त्यात च आणि छ दोन्ही लागतात.

शंका : नात्यातील कोणी गेले, की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मामा ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ असे लिहितात आणि मागोमाग सगळे तेच उचलतात. मामांना सांगावे की नाही?
– एक भाचा, वाळपई

त्या वेळी, त्या गटावर सांगू नये. शोकाच्या प्रसंगी माणसे सांत्वनासाठी एकत्र येतात आणि तेथे ऱ्हस्वदीर्घाची चर्चा ऐकून घेण्याची कोणाची मनःस्थिती नसते. आपण स्वतः लिहाल तेव्हा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे नीट लिहावे. जसा चुकीचा मजकूर उचलला जातो, तसा बरोबर मजकूरही उचलला जाईल. पुढे कधी मामांची निवांत भेट झाली, तर कारण सांगून बोलावे, म्हणजे त्यांनाही ते पटेल. ‘पूर्ण’ संस्कृतात दीर्घच आहे. ‘श्रद्धा’मध्ये आधी द आणि मग ध येतो. संस्कृत शब्दांत अशी जोडी जुळते तेव्हा सौम्य उच्चाराचे अक्षर आधी आणि ‘ह’कारयुक्त जड अक्षर नंतर येते : शुद्ध, युद्ध, प्रसिद्ध, पद्धत, इच्छा, उत्थान. द, पायमोडीचे चिन्ह (्) आणि ध या क्रमाने कळा दाबल्या, की ‘द्ध’ हे जोडाक्षर उमटते. क्रम उलटला तर ‘ध्द’ होतो.

संस्थेच्या नावाने निघणाऱ्या मजकुराविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. शाळा, देवस्थान, पंचायत किंवा वाचनालय यांची सूचना चुकीची लिहिली असेल तर ती संबंधितांना अवश्य आणि लगेच कळवावी, कारण अशा सूचना वाचूनच मुले लिहायला शिकतात.

शंका : मी पर्यटनविषयक मजकूर मोबाइलवर लिहिते. ‘किनाऱ्यावर’ लिहायला गेले की ‘किनार्यावर’ उमटते. दोन्हींत खरोखरच फरक आहे का, आणि बरोबर रूप कसे उमटवावे?
– एक विद्यार्थिनी, पणजी

फरक आहे, आणि गोव्याविषयी लिहिणाऱ्याला तो रोज लागणार आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे सह्याद्रीतील खोल जागा, ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यांना बोलावले’ म्हणजे विद्वानांना बोलावले आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘र्य’मध्ये रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो व उच्चारताना आधीच्या अक्षरावर आघात येतो, सूर्य, कार्य, पर्यटन या संस्कृत शब्दांत आणि ‘दर्या’सारख्या काही परभाषेतून आलेल्या शब्दांत तो असतो. मराठीत शब्दाचे सामान्यरूप किंवा अनेकवचन होताना र आणि य जवळ येतात, तेव्हा आघात येत नाही आणि तेथे ‘ऱ्य’ लिहायचा असतो : किनारा–किनाऱ्यावर, दुसरा–दुसऱ्या, शेतकरी–शेतकऱ्याला. ‘पर्यटक किनाऱ्यावर थांबले’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले, की दोन्ही उच्चार लागोपाठ ऐकू येतात.

मराठी कीबोर्डवर टिंब असलेला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. तो आधी टाइप करावा, मग पायमोडीचे चिन्ह द्यावे आणि मग य. संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली, की ‘ऱ’ मिळतो. ‘ऱ्हस्व’ आणि ‘ऱ्हास’ हे शब्दही याच रीतीने उमटतात, फक्त य ऐवजी ह द्यायचा. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारा कीबोर्ड बहुधा ‘र्य’च आधी पुढे करतो, सुचवलेल्या शब्दांच्या ओळीत ‘किनाऱ्यावर’ दिसते का ते पाहावे आणि नसल्यास तेवढ्या शब्दापुरता देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड उघडावा. एकदा बरोबर लिहिलेला शब्द मोबाइलच्या वैयक्तिक शब्दसंग्रहात नोंदवून ठेवण्याची सोय असेल, तर ‘किनाऱ्यावर’, ‘साऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘फेऱ्या’, ‘वाऱ्याने’ असे आपल्या कामातले शब्द त्यात आताच घालून ठेवावेत.